आधी तिच्याच तोंडून ऐका

ताई, नमस्कार. मंगळवार पेठेत आम्हा अकराजणींची भिशी आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो. या वर्षी प्रत्येकीच्या हप्त्यातले शंभर रुपये बाजूला काढून पुस्तकं घ्यायचं ठरलंय. कथा-कादंबऱ्या नकोत, खरोखर होऊन गेलेल्या बायकांबद्दल वाचूया, असं सगळ्यांचं मत पडलं. घरी विषय काढला तर मालक म्हणाले, "जिजाऊ झाल्या, झाशीची राणी झाली, आता आणि कोण राहिलं?" मला उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. आमच्यातली एक कॉलेजात शिकवते, तिघींची शाळा दहावीच्या आत सुटलेली. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूमुळं वाचता येत नाही, पण त्यांनाही बसायचंय. अकरावी सायन्सला असलेली मुलगीही येते म्हणतेय. गेल्या वर्षी एक जाडजूड चरित्र आणलं होतं, चाळीस पानांच्या पुढं कुणीच गेलं नाही. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते त्या चाळीस पानांसाठी. मी बावीस वर्षं एका ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी बसले. थोर स्त्रियांची जाड चरित्रं बायका मोठ्या आदरानं घरी नेतात आणि आठ दिवसांत परत आणतात, हे मी कितीदा पाहिलंय. वाचनखूण दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच राहिलेली असते. वर "आम्हाला कुठलं कळायला एवढं," म्हणून स्वतःलाच बोल लावतात. तसं मुळीच नसतं. पहिल्या पानापासून बाईला देव्हाऱ्यात बसवली की पुढं वाचायला काही उरत नाही. ती चुकत नाही, चिडत नाही, तिला पैशाची चणचण नसते, घरात कुणाशी तिचं वाजत नाही. अशा बाईजवळ अकराजणींनी बसून बोलायचं तरी काय?

म्हणून माझं सांगणं एवढंच की आधी तिनं स्वतः लिहिलेलं वाचा. आत्मचरित्र, पत्रं, आठवणी, जे असेल ते. दुसऱ्यानं तिच्याबद्दल लिहिलेलं त्यानंतर. आपल्या मराठीत या बाबतीत फार मोठी श्रीमंती आहे.

पहिल्या बैठकीला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' न्या. त्याला दुसरा पर्याय मी देणारच नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. शाळेत गेलेल्या नव्हत्या, वाचायला शिकल्या त्या नवऱ्याकडून, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांकडून. टिळक विद्वान आणि मायाळू, पण तितकेच शीघ्रकोपी आणि लहरी. हातात आलेला पैसा कुणाला देऊन टाकतील आणि उठून कुठं निघून जातील, याचा नेम नाही. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पुढची काही वर्षं त्या मुलाला घेऊन नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. मग हळूहळू, आपल्याच गतीनं आणि आपल्याच विचारानं, त्यांचाही जातीपातीच्या सोवळ्यावरचा विश्वास उडाला. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. पुस्तक १९३४ पासून भागाभागानं निघालं.

हे सगळं त्या अशा सांगतात की वाचताना हसू येतं आणि त्याच ओळीवर घशात आवंढा येतो. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकानं माहेरचं घर कसं जेरीला आलं होतं ते वाचा. आपण किती घाबरलो, किती रागावलो, कुठं आपलं चुकलं, यातलं त्या काही लपवत नाहीत. नवऱ्यावर त्यांचा जीव आहे आणि त्याच्या वागण्याचा जाचही आहे, आणि दोन्ही एकाच पानावर आहे. वाक्यं लहान आणि बोलण्यातली. म्हणून तुमच्या सासूबाईंसाठी याच्यासारखं पुस्तक नाही, मोठ्यानं वाचायचंच आहे ते. माझ्या आईची नजर गेली तेव्हा मी तिला रोज रात्री आठ-दहा पानं वाचून दाखवायची. ती मध्येच म्हणायची, "थांब, ते परत वाच." मी परत वाचलं की गप्प बसून राहायची. ज्यांची शाळा लवकर सुटली त्या तिघींनाच आधी वाचायला बसवा. अडखळल्या तर अडखळू द्या, लिहिणारीही शाळेत न गेलेलीच होती. फक्त पूर्ण आवृत्ती घ्या, संक्षिप्त नको. ज्या बारीकसारीक गोष्टी गाळतात त्यांतच लक्ष्मीबाई भेटतात.

दुसऱ्या पुस्तकाशी मला जरा रेंगाळू द्या. ही गोष्ट कोल्हापूरची आहे आणि कोल्हापुरातच फार थोड्यांना माहीत असते. डॉ. आनंदीबाई जोशी म्हटलं की कल्याण, पुणे आणि अमेरिका आठवते. पण त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टात होते, त्यांच्या गावोगाव बदल्या होत, आणि त्यांतली एक कोल्हापूरला झाली होती. १८७८ च्या सप्टेंबरात त्यांनी इथूनच वाइल्डर नावाच्या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला शिकवायची इच्छा आहे, अमेरिकेत काही सोय होईल का, असा त्याचा आशय. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच काम करून मायदेशी परतलेले. त्यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या, तिथं तो अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं आणि पुढं तिच्या 'मावशी' झाल्या. कोल्हापुरातून ते पत्र गेलं तेव्हा आनंदी तेरा वर्षांची होती. तुमच्या मुलीपेक्षाही लहान.

११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आणि नोकरी कुठून चालून आली? कोल्हापूर संस्थानातून. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. पण क्षयानं त्यांना आधीच घेरलं होतं. त्या परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. कोल्हापूरच्या जागेवर त्या रुजू होऊच शकल्या नाहीत. ते अल्बर्ट एडवर्ड म्हणजे दसरा चौकाजवळचं आपलं सीपीआर. केसपेपरच्या रांगेत आपण सगळ्याच कधी ना कधी उभ्या राहिलोय. त्या आवारात गेले की मला दर वेळी ही न आलेली डॉक्टरीण आठवते. पुढं राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर तिथं काम करू लागल्या. त्यांच्या आई रखमाबाई केळवकरांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी मोठं काम केलेलं. या मायलेकींवर कुठं काही वाचायला मिळालं तर सोडू नका.

आनंदीबाईंसाठी दोन पुस्तकं आहेत. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, त्यात आनंदीबाईंची पत्रं आहेत. काशीबाई त्यांच्याच पिढीच्या, लग्नानंतर धडपडून लिहायला-वाचायला शिकलेल्या. एका बाईनं दुसऱ्या बाईचं आयुष्य मांडावं हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. दुसरं, अंजली कीर्तने यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व'. या लेखिकेनं अमेरिकेपर्यंत जाऊन माग काढला. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या रक्षेवर दगड उभा आहे, तिथवर त्या पोचल्या. हे पुस्तक जाड आहे, पण तुमच्या कपाटातल्या पुस्तकासारखी गत व्हायची नाही. आधी पत्रं वाचून झाली की ही मुलगी ओळखीची होते आणि मग जाडी जाणवत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'आनंदी गोपाळ' ही श्री. ज. जोशींची कादंबरी तुमच्यातल्या कुणी तरी नक्की वाचली असेल. कादंबरी म्हणून ती जरूर वाचावी. पण तिच्यातले संवाद हे लेखकानं रचलेले आहेत. गोपाळराव असं म्हणाले, आनंदीबाईंनी तसं उत्तर दिलं, असं लोक कादंबरीतलं वाक्य इतिहास म्हणून सांगतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या मुलीनं स्वतः लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. खरं घडलेलंच वाचायचं असं तुम्ही ठरवलंच आहे, तर दुकानात पुस्तक हातात घेतलं की आधी आतलं पान बघा. 'चरित्रात्मक कादंबरी' असं छापलेलं असेल तर ते चरित्र नाही.

तुमच्या मालकांच्या प्रश्नाचं उत्तर तर कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेलं आहे. रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला महाराणी ताराबाईंचा पुतळा, घोड्याचे मागचे दोनच पाय टेकलेले. त्याच्या खालून आपण रोज जातो आणि आपल्याला माहिती असते ती एका वाक्याची, की औरंगजेबाशी लढल्या. हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा अवघी पंचविशीची होती. त्यानंतर सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, स्वराज्याची लढाई तिनं चालवली. किल्ले जात होते, परत येत होते, आणि मराठी फौजा नर्मदेपलीकडं माळव्यात शिरत होत्या. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. तोसुद्धा लिहितो की ही बाई हुशार होती आणि राज्यकारभार व फौजेच्या कामातली तिची जाण नवरा जिवंत असतानाच सगळ्यांना माहीत होती.

पण मला ताराबाई वाचाव्याशा वाटतात त्या त्यांच्या पुढच्या आयुष्यासाठी. त्या १७६१ पर्यंत जगल्या. कोल्हापूरची गादी त्यांनी उभी केली आणि १७१४ मध्ये त्यांच्याच सवतीनं, राजसबाईंनी, त्यांना आणि त्यांच्या मुलाला बाजूला सारून कैदेत टाकलं. १७३१ मध्ये सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांत वारणेचा तह झाला, त्याच सुमाराला त्या साताऱ्याला गेल्या. साताऱ्याचे शाहू छत्रपती गेल्यावर ज्या रामराजाला आपला नातू म्हणून त्यांनी पुढं आणलं, त्यालाच पुढं त्यांनी किल्ल्यात अडकवलं. तेव्हा त्यांचं वय पंचाहत्तर. यातलं बरोबर काय, चूक काय, यावर तुमच्या भिशीत दोन तट पडतील. पडू देत. कोल्हापूरच्याच डॉ. जयसिंगराव पवारांचं 'मोगलमर्दिनी महाराणी ताराबाई' घ्या. ते कागदपत्रांवर उभं आहे. तुमच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला आणखी खोलात जायचं असेल तर अप्पासाहेब पवारांनी संपादित केलेले 'ताराबाईकालीन कागदपत्रे'चे खंड शिवाजी विद्यापीठानंच काढलेले आहेत. ते सगळ्यांनी वाचायचे नाहीत. तिनं त्यातली दोन पत्रं निवडून आणावीत आणि जुन्या भाषेचा अर्थ लावून सांगावा. पण हे पुस्तक पहिल्या तीन महिन्यांत आणू नका. तह, गाद्या, सरदारांची नावं यांची गर्दी आहे. भिशीला वाचायची सवय लागू दे, मग आणा.

मधल्या एखाद्या महिन्यात, लग्नसराईत कुणाला वेळ नसेल तेव्हा, ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' घ्या. एका बैठकीत संपेल. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढं सौम्य झाली, पण वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांवर चिखलफेक सुरू केली. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी १८८२ मध्ये त्याला उत्तर दिलं. बाईच्या नावावर जे जे दोष लावता ते पुरुषांत नाहीत का, असं एकेक काढून विचारलंय. भाषा अशी की वाचणारीनं पदर खोचावा! मध्ये जवळजवळ शंभर वर्षं हे पुस्तक विस्मरणात होतं, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. त्याच बैठकीत सावित्रीबाई फुल्यांची पत्रंही वाचून घ्या, मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात ती आहेत. जोतीरावांना लिहिलेली तीनच. १८६८ च्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि शारजा नावाची महार मुलगी यांना गावकरी मारायला निघाले होते, त्यांना कसं वाचवलं ते त्या कळवतात. १८७७ चं ओतूरहून, दुष्काळातलं. दर तीन जानेवारीला आपण हार घालतो, पण ही पत्रं वाचलेल्या बायका मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या भेटल्या.

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' मऊ आवाजातलं आहे. तुमच्यातल्या तरुण मुलींना रमाबाई फारच पडतं घेतात असं वाटेल. मलाही विशीत वाटलं होतं. आता वाटत नाही. नवरा शिकवतो म्हणून घरातल्या बायकांनी केलेला छळ सोसून, दोन्हीकडचं सांभाळून ही मुलगी शिकली आणि पुढं सेवासदन उभं केलं. न्यायमूर्ती रानड्यांचं बालपण कोल्हापुरातच गेलं, तेव्हा हे सासर आपल्या ओळखीचं वाटेल.

याच्या अगदी उलट बाण्याच्या डॉ. रखमाबाई. या केळवकर नव्हेत, मुंबईच्या. लहानपणी झालेलं लग्न मला मान्य नाही, मी नांदायला जाणार नाही, असं त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात सांगितलं. १८८७ मध्ये कोर्टानं नवऱ्याकडं जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा म्हटलं, तेव्हा तुरुंगात जाते म्हणाल्या. अखेर तडजोड होऊन सुटका झाली, विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले. मोहिनी वर्दे यांचं 'डॉ. रखमाबाई : एक आर्त' शोधून काढाच. तुमच्यात कुणाच्या घरी मुलीच्या सोडचिठ्ठीचा विषय चालू असेल, तर त्या दिवशी वाचताना जरा जपून.

मुलीसाठी वेगळं सांगते, कारण अकरावी सायन्स म्हणजे तिला वेळ कमी. वीणा गवाणकरांची पुस्तकं द्या. 'डॉ. आयडा स्कडर' आधी. एकाच रात्री तीन घरची माणसं अडलेल्या बाईसाठी मदत मागायला आली, पुरुष डॉक्टर कुणालाच चालेना, आणि सकाळपर्यंत तिघीही गेल्या. त्या रात्रीनं आयडाला डॉक्टर केलं आणि तिनं वेल्लोरला रुग्णालय उभारलं. आनंदीबाईंच्या पाठोपाठ हे वाचलं तर तिला कळेल की बाई डॉक्टर हवी ही तेव्हा जिवावरची गरज होती. लीझ माइट्नर आणि रोझलिंड फ्रँकलिन यांच्यावरही गवाणकरांनी लिहिलंय. अणू फुटतो म्हणजे नेमकं काय होतं याचा उलगडा माइट्नरनं भाच्याच्या साथीनं केला, १९३८ मध्ये, नाझींच्या जर्मनीतून निसटून स्वीडनमध्ये असताना. नोबेल मिळालं ते तिच्या सहकाऱ्याला एकट्याला. मुलीला एवढंच विचारा की आवर्त सारणीत १०९ वं मूलद्रव्य कोणतं. मग पुस्तक हातात द्या.

'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक वर्षाच्या मध्यावर ठेवा. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून १९८९ मध्ये ते उभं केलं. एकटी थोर बाई यात नाहीच. परिषदा भरवणाऱ्या, मुलांना घेऊन सत्याग्रहाला जाणाऱ्या कितीतरी बायका आहेत. "आणि कोण राहिलं?" या प्रश्नाला याच्याइतकं भरभरून उत्तर दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही. याला जोडून शांताबाई कांबळ्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' वाचा. दोन्ही पातळ आहेत आणि दोन्ही वाचून झाल्यावर लगेच चहा-फराळाकडं वळता येणार नाही, म्हणून त्या दिवशी खाणं आधी उरका. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वारल्यांच्या लढ्याचं आहे. त्या स्वतःबद्दल फार थोडं बोलतात, पण त्यांची हिंमत प्रत्येक पानावर दिसते.

सिनेमाची आवड असणाऱ्या असतीलच, कोल्हापूर आहे शेवटी. त्यांना 'मी, दुर्गा खोटे' द्या. प्रभात कंपनी इथं असताना १९३२ चा 'अयोध्येचा राजा' इथंच झाला आणि दुर्गाबाई त्यात तारामती होत्या. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' फार धीट आणि फार दुखरं आहे. मुलीला ते मिळू नये म्हणून लपवू नका, पण तुम्ही आधी वाचून घ्या.

आता पैशाचं. महिन्याला अकराशे रुपये जमतील. अकराजणींत अकरा प्रती नकोत. एका पुस्तकाच्या दोन प्रती घ्या आणि एक उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून अशी घरोघर फिरू द्या. प्रत्येकीकडं चार दिवस. जिचं वाचून झालं नाही तिनं संकोचून शनिवार चुकवायचा नाही, येऊन ऐकायचं, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. 'स्मृतिचित्रे', 'स्त्रीपुरुष तुलना', गवाणकरांची पुस्तकं विकत घ्या. रखमाबाईंचं किंवा काशीबाईंनी लिहिलेलं चरित्र दुकानात मिळेलच असं नाही, त्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरात एकीच्या नावानं वर्गणी भरा. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे ते. पुस्तकाचं नाव आणि लेखिकेचं नाव चिठ्ठीवर लिहून न्या, म्हणजे शोधणाऱ्यालाही सोपं जातं.

आणि ते कपाटातलं जाड चरित्र कुणाचं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. त्या बाईनं स्वतः काही लिहून ठेवलंय का ते बघा. पत्रं, भाषणं, काहीही. असेल तर मला नाव कळवा, ते कुठं मिळेल ते मी शोधून देते. ते वाचून झालं की मग एक्केचाळिसाव्या पानापासून पुढं जा.